तैपेईत पाच दिवस: शहर, डोंगर आणि मधला पाऊस

तैवानला जायचं म्हटलं की बहुतेक जण नकाशा उघडतात, बेट छोटंसं दिसतं, आणि मग ठरतं की चला पाच दिवसांत अख्ख्या बेटाला एक गोल मारू, तैपेई, तारोको, सन मून लेक, काओशुंग, सगळं. मी पण पहिल्या वेळी तसंच केलं होतं, डिसेंबरात, आणि त्यातले निम्मे दिवस गाडीत बसण्यात आणि बॅगा उघडण्या-भरण्यात गेले. एक पूर्ण दिवस डोंगराच्या टूरला आधीच पैसे भरून ठेवले होते, त्या दिवशी सकाळपासून पाऊस आणि धुकं, दहा फुटांपलीकडे काही दिसत नव्हतं, पैसे परत मिळणार नाहीत म्हणून आम्ही तरीही गेलो आणि मिनीबसच्या काचेवरचे थेंब बघून परत आलो. आणि दुसऱ्या दिवशी, आम्ही स्टेशनवर बॅगा घेऊन उभे असताना, स्वच्छ ऊन.

दुसऱ्या वेळी गेलो ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मी, बायको आणि आई, आईचं वय ६७ आणि एक गुडघा दुखरा. त्या वेळी चारही रात्री तैपेईत एकाच हॉटेलात राहिलो, कुठे कुठे जायचं ते पक्कं केलं पण कुठला दिवस कशाचा ते रोज सकाळी आकाश बघून ठरवलं. एवढ्या एका बदलाने ट्रिप पूर्ण वेगळी झाली, आणि पुढे जे लिहितोय ते सगळं ह्याच एका गोष्टीभोवती आहे.

हे तैपेईत जमतं कारण तिथे डोंगर शहराबाहेर नाही, शहरातच आहे. मेट्रोतून उतरून वीस-पंचवीस मिनिटं चढलं की माथा, सिटी बसने तासाभरात गंधकाचा धूर ओकणारा ज्वालामुखीचा उतार, मेट्रोनेच गरम पाण्याचे झरे. दुसऱ्या गावी मुक्काम हलवायची गरजच नाही.

आधी महिना ठरवा

तिकीट स्वस्त दिसलं म्हणून कुठलाही महिना घेऊ नका. कर्कवृत्त बेटाच्या मधून, चियायी शहराजवळून जातं, तैपेई त्याच्या उत्तरेला. उन्हाळा आपल्या मुंबईच्या मे महिन्यासारखा चिकट आणि वर दुपारी गडगडाटी सरी. हिवाळ्याची गंमत वेगळी आहे. तिकडे हिवाळ्यात ईशान्येकडून मोसमी वारे समुद्रावरून ओलावा घेऊन येतात आणि उत्तरेच्या डोंगरांवर आपटतात, म्हणजे जूनमध्ये आपल्याकडे नैऋत्येचा वारा सह्याद्रीला धडकतो ना, तसंच, फक्त दिशा उलटी, ऋतू उलटा आणि जोर कमी. धो धो नाही, पण भुरभुर दिवसेंदिवस चालू. त्यामुळे "डिसेंबर म्हणजे कोरडा" हे आपलं गणित इथे चालत नाही, माझं पहिल्या ट्रिपचं तेच चुकलं.

मे-जूनमध्ये त्यांचा 'प्लम रेन' म्हणजे आलुबुखार पिकायच्या दिवसांतला पाऊस. जुलै ते सप्टेंबर टायफूनचा मुख्य काळ, टायफून आला की सरकार शाळा-ऑफिसं बंद जाहीर करतं, डोंगरातले रस्ते, केबल कार, काही वेळा ट्रेनही बंद. माझ्या मते ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर सगळ्यात चांगला, त्याखालोखाल मार्च-एप्रिल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यांगमिंगशानच्या, म्हणजे शहरातल्याच त्या ज्वालामुखी डोंगराच्या उतारांवर चंदेरी गवताचे तुरे येतात, आपल्याकडचं काशाचं गवत नदीकाठी जसं डोलतं अगदी तसं, पण अख्खा डोंगर भरून. दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाता येतं हा आपल्या लोकांसाठी मोठा फायदा. चिनी नववर्षाचा आठवडा मात्र टाळा (जानेवारी अखेर ते फेब्रुवारी मध्य, तारीख दरवर्षी बदलते), छोटी दुकानं बंद आणि ट्रेन फुल.

व्हिसा आणि कागद

भारतीय पासपोर्टवर दोन रस्ते आहेत. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, शेंगेन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा व्हिसा असेल, किंवा गेल्या दहा वर्षांत संपलेला असेल, तर ट्रॅव्हल ऑथोरायझेशन सर्टिफिकेट ऑनलाइन काढता येतं, फी नाही, एका वेळी १४ दिवस राहता येतं. जुना व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर तो पासपोर्ट सोबत न्यायचाच, चेक-इन काउंटरवर बघायला मागतात. माझ्या पासपोर्टात जुना शेंगेन होता म्हणून माझं झालं, आईकडे असं काहीच नव्हतं म्हणून तिचा नेहमीचा व्हिजिटर व्हिसा काढला, बँक स्टेटमेंट, हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट वगैरे जोडून. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईत तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटरचं (तैवानचं आपल्याकडचं दूतावासासारखं काम बघणारी संस्था) ऑफिस सुरू झालं, त्याआधी दिल्ली आणि चेन्नईच होतं. त्यामुळे आपल्याकडच्यांनी कागदांची यादी तिथूनच नीट बघून घ्यावी, नियम बदलत असतात. घरातल्या प्रत्येकाचा मार्ग वेगळा असू शकतो हे धरून दीड-दोन महिने आधी सुरुवात करा.

पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं, तेही फुकट. त्याच्या नावावर पैसे मागणाऱ्या वेबसाइट दिसतात, त्या सोडून द्या, सरकारीच उघडा.

बॅगेत काय नको ते महत्त्वाचं. कुठलाही मांसाचा पदार्थ आणि ताजी फळं नेऊ नका, दंड खरोखर मोठा आहे आणि विमानतळावर कुत्री बॅगा हुंगत फिरतात. चकली, लाडू, शेंगदाण्याची चटणी असलं कोरडं शाकाहारी आम्ही पॅकबंद नेलं, कोणी काही विचारलं नाही. ई-सिगारेटलाही बंदी आहे.

विमान, पैसे, प्लग

मुंबईहून बँकॉक, हाँगकाँग, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला बदलून जायचं. मधला थांबा दोन-तीन तासांपेक्षा कमी घेऊ नका, म्हातारं माणूस सोबत असेल तर नाहीच. तैपेईचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे पहिल्या सकाळी उठायला जड जातं, पहिल्या दिवशी फार काही ठेवू नका.

रुपये तिकडे कोणी बदलून देत नाही. फॉरेक्स कार्ड किंवा थोडे अमेरिकन डॉलर न्यायचे आणि विमानतळावर उतरल्या उतरल्याच तैवान डॉलर घ्यायचे, तिथला दर बरा असतो. एक तैवान डॉलर म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये. कार्ड मोठ्या दुकानात चालतं पण नाइट मार्केट, छोट्या खानावळी, मेट्रो कार्डचा टॉप-अप ह्याला रोख लागते.

वीज ११० व्होल्टची आणि प्लग चपट्या दोन पिनांचा, अमेरिकेत असतो तसा. मोबाइलचा चार्जर चालतो, पण घरचा हेअर ड्रायर किंवा आईची छोटी किटली चालणार नाही, ती घरीच ठेवा, हॉटेलात असतेच.

हॉटेल कुठे घ्यायचं

तैपेई मेन स्टेशन, शिमेन किंवा झोंगशान, ह्या तिन्हीपैकी कुठेही, फक्त लाल किंवा निळ्या लाइनच्या मेट्रो स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांत असावं. यांगमिंगशानची बस जियानतानहून सुटते, ते लाल लाइनवर, गरम झऱ्यांचं बेईटोही लाल लाइनवर, लोंगशान मंदिर निळ्यावर, आणि रेल्वे मेन स्टेशनवर. त्यामुळे सकाळी बेत बदलला तरी अडत नाही. आम्ही झोंगशानला होतो आणि परत गेलो तरी तिथेच राहू, रात्री शांत असतं आणि गल्ल्यांमधून छान छोटी चहाची दुकानं आहेत.

बुक करताना एक बघाच, खोलीला खिडकी आहे का. तैपेईत स्वस्त खोल्यांना बऱ्याचदा खिडकीच नसते आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. आणि ज्या ट्रिपमध्ये रोज सकाळी आकाश बघून ठरवायचं आहे तिथे खिडकी लागतेच की.

विमानतळ ते शहर

ताओयुआन विमानतळावरून मेट्रो घ्या. जांभळी ती एक्सप्रेस, निळी ती सगळीकडे थांबणारी. जांभळी साधारण ३५-४० मिनिटांत मेन स्टेशनला सोडते, भाडं १५० डॉलरच्या आसपास (इथून पुढे डॉलर म्हणजे तैवान डॉलर). विमान मध्यरात्री उतरत असेल तर मेट्रो बंद असते, मग रात्रीची बस किंवा टॅक्सी.

विमानतळावरच ईझीकार्ड घ्या, कोरं कार्ड १०० डॉलरचं, त्यात ४००-५०० भरा. मेट्रो, सिटी बस, लोकल ट्रेन, सायकल, सेव्हन-इलेव्हन, सगळीकडे तेच टेकवायचं. मेट्रोचं भाडं २० ते ६५ डॉलर, बसचा एक टप्पा १५. आपण मुंबईवाले ट्रेनमध्ये वडापाव खातो पण इथे मेट्रोत खाणं-पिणं पूर्ण बंद, पाण्याचा घोट किंवा च्युइंगगमसुद्धा नाही, गेटच्या आधी जी पिवळी रेघ आहे तिथपासून नियम लागू, दंड १,५०० डॉलरपासून सुरू. आईला गोळी घ्यायची असायची, आम्ही आठवणीने आत जायच्या आधी द्यायचो.

आता दिवस कसे मांडायचे

मी कागदावर तीन खाने केले होते: "स्वच्छ आकाश लागेल", "ढगाळ चालेल", "पाऊस असला तरी चालेल". प्रत्येक जागा एका खान्यात टाकायची. रोज रात्री झोपताना हवामान खात्याचं ॲप बघायचं, सकाळी सहाला खिडकीतून बघायचं, आणि त्या खान्यातलं उचलायचं. मात्र त्याआधी सोमवार कुठला ते बघा, कारण सोमवारी पॅलेस म्युझियम बंद, बेईटोचं म्युझियम आणि थर्मल व्हॅली बंद, चहाच्या मळ्यांकडे नेणारी माओकोंगची केबल कारही बहुतेक सोमवारी बंद. सोमवार यांगमिंगशानला किंवा जिओफेन ह्या डोंगरातल्या गावाला द्या, उलट शनिवार-रविवारपेक्षा गर्दीही कमी मिळते.

स्वच्छ आकाशाचा दिवस: यांगमिंगशान

हा ह्या ट्रिपचा जीव आहे, पहिला चांगला दिवस मिळाला की दुसरं काही न बघता इथेच जा, उद्यावर टाकू नका. जियानतान मेट्रोवरून 'रेड ५' बस किंवा मेन स्टेशनवरून २६० नंबर, वर पार्कच्या बस स्टॉपवर उतरायचं, आणि तिथून पार्कच्या आत गोल फिरणारी १०८ नंबरची छोटी बस.

आधी शियाओयोकेंग. जवळजवळ ८०० मीटर उंचीवर डोंगराचा एक अख्खा कडा ढासळलेला, आणि फटींतून फुस्स् आवाज करत वाफ बाहेर पडतेय, कडेला पिवळेधमक गंधकाचे खडे. आपला सह्याद्रीसुद्धा लाव्हाचाच ना, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. आपण राजगड-तोरण्यावर जो काळा दगड हाताने चाचपतो तो सुरुवातीला असाच धुमसत असेल हे तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा खरं वाटलं. वास सडक्या अंड्याचा असतो, दमा असेल तर जवळ फार वेळ थांबू नका.

चालू शकणाऱ्यांनी तिथूनच चिशिंगशान चढावं, १,१२० मीटर, तैपेईतलं सगळ्यात उंच शिखर. वाट सगळी दगडी पायऱ्यांची, दीड-पावणेदोन किमीचा चढ, सिंहगड नेहमी चढणाऱ्याला काही वाटणार नाही, बाकीच्यांनी दीड तास धरावा. दोन्ही बाजूंना गवत, मध्ये मध्ये वाफेचे लोट, आणि वर पोचल्यावर एका बाजूला पूर्ण तैपेई आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. वारा फार असतो, नोव्हेंबरातही वर विंडचीटर लागला. उतरायचं त्याच वाटेने नाही, पलीकडे लेंगशुईकेंगच्या बाजूला उतरा, तिथे फुकट गरम पाण्याचं फूटबाथ आहे, चढून आलेल्या पायांना ते काय वाटतं ते सांगून कळणार नाही.

आईला चढायचं नव्हतं. मग बायको आणि आई १०८ ने सरळ लेंगशुईकेंगला गेल्या, तिथून पुढे चिंगतियानगांगचं कुरण बघून आल्या. मोठं हिरवं पठार, सपाट वाट आणि मोकळ्या चरणाऱ्या म्हशी. आईला म्हशी बघून इतका आनंद झाला, माहेरची आठवण काढत बसली होती. म्हणजे गुडघे दुखणारं माणूस सोबत असेल तरी हा दिवस सोडायची गरज नाही, दोन गट करा, भेटायची जागा फूटबाथ. फक्त म्हशींच्या जवळ जायचं नाही, त्या रानटीसारख्याच असतात. परतीला शेवटच्या बसची वेळ सकाळीच स्टॉपवरून फोटो काढून ठेवा, आणि पाणी-खाणं खालूनच घेऊन जा.

त्याच संध्याकाळी बेईटो

खाली आलात की लाल लाइनने बेईटो, तिथे बदलून एका स्टेशनची छोटी लाइन, शिनबेईटो. वज्रेश्वरीला किंवा कोकणात उन्हवऱ्याला गेलेल्यांना गरम झरे नवीन नाहीत, पण इथे शहराचा अख्खा मोहल्लाच झऱ्यावर वसलाय, रस्त्याकडेच्या ओढ्यातून वाफा निघतात. जपानी राजवटीत १९१३ साली बांधलेलं सार्वजनिक स्नानगृह आता म्युझियम आहे, बघण्यासारखं. थर्मल व्हॅलीचं हिरवट पाणी जवळजवळ उकळतं असतं, तिथे फक्त बघायचं. होकुटोलाइट नावाचं एक खनिज आहे, ते नाव बेईटोच्याच जपानी उच्चारावरून आलंय.

आंघोळीचे तीन प्रकार. ओढ्याकाठचं सार्वजनिक कुंड, स्वस्त, स्त्री-पुरुष एकत्र, स्विमिंग कॉस्च्युम सक्तीचा (हाफ पँट चालत नाही). जपानी पद्धतीचं वेगवेगळं, त्यात कपडे न घालता उतरतात. आणि हॉटेलांमधली तासावर मिळणारी खासगी खोली, महाग पण घरच्यांसाठी तीच सगळ्यात सोयीची, आम्ही तीच घेतली. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल तर उतरू नका, आणि बाकीच्यांनीही दहा मिनिटांवर एका वेळी बसू नये, चक्कर येते.

ढगाळ दिवस: पिंगशी लाइन आणि जिओफेन

मेन स्टेशनवरून ट्रेनने रुईफांग, पाऊण-एक तास. तिथून पिंगशी लाइन, कोळशासाठी १९२१ मध्ये टाकलेली, जेमतेम १३ किमीची, दरीतून वळत वळत जाते. गाडी तासाला साधारण एक, म्हणून सकाळी आठच्या आत तैपेई सोडा. आधी होउतोंग, खाण बंद पडल्यावर मांजरांमुळे पुन्हा माणसं यायला लागलेलं गाव, एक गाडी सोडून पुढची पकडायची. मग शिफेन, स्टेशनपासून वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर धबधबा, २० मीटर उंच आणि ४० मीटर रुंद. आपल्याकडचे पावसाळी धबधबे उंच आणि बारीक, हा उलटा, अर्धगोल पडदा. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर आणखी चांगला, म्हणूनच हा ढगाळ खान्यात.

शिफेनला रुळांवर उभं राहून कागदी आकाशकंदील सोडतात, चारही बाजूंवर इच्छा लिहून. फोटो सुंदर येतात हे खरं, पण ते जळके सांगाडे आसपासच्या झाडांत आणि ओढ्यात पडलेले मी बघितले आणि मला सोडवेना, आम्ही दुसऱ्यांचे जाताना बघितले. तुम्ही तुमचं ठरवा.

दुपारी रुईफांगला परत येऊन बसने जिओफेन, पंधरा-वीस मिनिटं. सोन्याच्या खाणीमुळे डोंगराच्या पोटात वसलेलं गाव, खाली समुद्र, अरुंद जिने, लाल कंदील. अरवीच्या जातीच्या कंदाचे चिकट गोळे गोड सारात देतात ते खा, शाकाहारी आहेत. कंदील संध्याकाळी लागतात आणि दुकानं सात-साडेसातला मिटायला लागतात, त्यामुळे चारला पोचून साडेसहाला निघायचं हे बरोबर बसतं. पायऱ्या दगडी, उतार तीव्र, कायम ओल्या. पहिल्या ट्रिपला मी गुळगुळीत तळाचे बूट घालून तिथे घसरलो आणि उरलेले दोन दिवस लंगडत फिरलो, म्हणून सांगतो, खाचा असलेले बूटच घाला. आईसाठी ह्या पायऱ्या फार होत्या, तिला वरच्या मुख्य गल्लीत एका चहाच्या दुकानात खिडकीपाशी बसवलं, समुद्र तिथूनही दिसतो. तैपेईला थेट परतायला ९६५ नंबरची बस आहे, ती शिमेनपर्यंत जाते.

वेळ उरला तर शेजारच्या जिंगुआशीला सोन्याचं म्युझियम आहे, तिथे २२० किलोची सोन्याची वीट भोकातून हात घालून चाचपता येते. ह्याच दिवसात येहलियूचे समुद्रकाठचे खडक कोंबू नका, अंतर कमी दिसतं पण वेळ निघून जातो.

पावसाचा दिवस

पाऊस लागला तर हिरमुसायचं नाही, पॅलेस म्युझियम ह्याच दिवसासाठी राखून ठेवायचं. शिलिन मेट्रोवरून 'रेड ३०' बस. चिनी सम्राटांच्या संग्रहातल्या जवळजवळ ७ लाख वस्तू, त्यातल्या बहुतेक यादवी युद्धात १९४८-४९ मध्ये जहाजांनी इकडे आणलेल्या. सगळ्यात गर्दी हिरव्या-पांढऱ्या दगडात कोरलेल्या कोबीसमोर, पानावर बसलेला टोळसुद्धा त्यातच कोरलाय. हा कोबी कधी कधी दुसऱ्या प्रदर्शनाला गेलेला असतो. परदेशी लोकांना तिकीट ३५०. तीन तासांपेक्षा जास्त बघवत नाही, मग खाली उतरून जेवा.

दुपारी लोंगशान मंदिर, १७३८ सालचं, ग्वानयिन ह्या बौद्धांच्या करुणेच्या देवीचं. इथे आई एक तास हलली नाही. लोक हातात चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी तुकडे घेऊन देवासमोर प्रश्न मनात धरतात आणि जमिनीवर टाकतात, एक उताणा आणि एक पालथा पडला तर देवाचा होकार. आई म्हणाली, "अरे हा तर कौल!" आमच्या गावी देवळात कौल लावतात तो पाकळ्यांचा, पण भाव तोच, आणि ओठ हलवत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरेही तेच. मंदिरात उजव्या दाराने आत, डाव्याने बाहेर, उंबऱ्यावर पाय देत नाहीत, तो ओलांडायचा. हे आपल्याला वेगळं सांगायला लागत नाही.

दुपारनंतर उघडीप मिळाली तर

शियांगशान म्हणजे एलिफंट माउंटन, १८३ मीटर. मेट्रोचं स्टेशन त्याच नावाचं, तिथून चालत पायथा आणि मग सलग पायऱ्या. सूर्यास्ताच्या तासभर आधी चढा, समोर तैपेई १०१ ही इमारत उभी, ५०८ मीटर, २००४ मध्ये पूर्ण झाली तेव्हा जगातली सगळ्यात उंच. शहराचे दिवे लागताना खाली बघत बसायला इथे तिकीट नाही. १०१ च्या आत ८९ व्या मजल्यावर जायचं असेल तर ज्या दिवशी ढग खाली असतील त्या दिवशी पैसे घालवू नका. वर काही दिसलं नाही तरी तो ६६० टनांचा टांगलेला गोळा मात्र बघण्यासारखा आहे, वारा आणि भूकंपात इमारतीचा झोका तो कमी करतो.

भूकंपावरून आठवलं. लहान धक्के तिकडे नेहमीचे, फोनवर मोठ्याने अलर्ट वाजतो, घाबरून जिन्याकडे पळू नका, टेबलाखाली बसा, थांबला की बाहेर या. ३ एप्रिल २०२४ च्या मोठ्या भूकंपात हुआलियेनजवळच्या तारोको घाटीचं फार नुकसान झालं, बऱ्याच वाटा दीर्घ काळासाठी बंद केल्या. त्यामुळे छोट्या ट्रिपमध्ये तारोको धरूच नका.

खाणं, विशेषतः शाकाहारी

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. तैपेई शाकाहारी माणसासाठी पूर्व आशियातलं माझ्या अनुभवातलं सगळ्यात सोपं शहर आहे, बौद्ध लोकांमुळे. 'सू' हे त्यांचं अक्षर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, दारावर ते किंवा उलटं स्वस्तिक दिसलं की शाकाहारी. "वो छ्र सू" म्हटलं की कळतं. बौद्ध पद्धतीत कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे चातुर्मास पाळणारे आणि जैन मंडळींचीसुद्धा सोय होते. पॅकेटवर तसं वेगळं लिहिलेलं असतं. बुफेच्या खानावळीत ताटात हवं ते घ्यायचं, वजनावर पैसे. पंधरा-वीस प्रकारच्या भाज्या आणि टोफू, आईने दोन दिवसांत लाडू-चकलीचा डबा बंदच केला. फक्त साध्या दुकानातल्या भाजीवर कधी कधी मांसाचा रस्सा घालतात, तिथे विचारून घ्या.

मांसाहारी असाल तर नाइट मार्केट. शिलिन सगळ्यात मोठं पण मला राओहे आवडलं, एकच सरळ गल्ली, तोंडाशी मंदिर आणि तिथेच तंदुरीसारख्या भट्टीत भाजलेले मिरीचे बन, आत डुकराचं मांस. बबल टीमध्ये साखर किती हे विचारतात, "वू थांग" म्हणजे बिनसाखरेचा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे नाहीत, पिशवी सोबत ठेवा.

शेवटचा दिवस

विमान रात्रीचं असेल तर सकाळ माओकोंगला द्या. प्राणिसंग्रहालयाच्या मेट्रोपासून केबल कार, सुमारे चार किमी, काही डब्यांना काचेचा तळ. वर चहाचे मळे आणि बसायची दुकानं. चहाची पत्ती आणि किटली देतात, आपणच गरम पाणी घालत दोन तास बसायचं. तिथला तिएग्वानयिन नावाचा चहा जरा भाजका, बाओझोंग नावाचा फुलासारखा हलका. दूध-साखरेची सवय असलेल्या आईने पहिला कप तोंड वाकडं करून घेतला आणि चौथ्या कपाला पाव किलो विकत घ्यायला लावला. वादळी वारा किंवा विजा असतील तर केबल कार थांबवतात, तेव्हा खालून बस असते.

मेन स्टेशनच्या विमानतळ मेट्रोवर काही एअरलाइनचं सामान तिथेच चेक-इन करून घेतात, विमानाच्या तीन तास आधीपर्यंत. तुमची एअरलाइन त्यात आहे का ते आदल्या रात्री बघा, असेल तर बॅगा सकाळीच देऊन टाका आणि मोकळ्या हाताने माओकोंगला जा. नसेल तर हॉटेलात ठेवा. ईझीकार्डात उरलेले पैसे विमानतळावरच्या सेव्हन-इलेव्हनमध्ये संपवा, आम्ही अननसाचे केक घेतले, घटक वाचून घ्या, काहींमध्ये अंडं आणि चरबी असते.